न ढवळलेलं तळं

टेक्सासला तीन महिने राहून काय पाहिलंत, असं सोसायटीतल्या बायका विचारतात तेव्हा मी सांगते, एक तळं पाहिलं. त्यांचा चेहरा पडतो. त्यांना नायगारा हवा असतो, निदान एखादा मोठा मॉल तरी. पण नायगारा टेक्सासपासून फार लांब आहे, आणि मॉलमध्ये माझे हात कधी थरथरले नाहीत. त्या तळ्यावर थरथरले. म्हणून तेवढंच लिहिते.

आधी माणसं सांगते. मी मूळची मालवणची, नोकरी-संसार ठाण्यात. शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. लेक केतकी आणि जावई नचिकेत प्लेनोला, दोघंही आयटीत. नचिकेत नागपूरचा, पक्का शाकाहारी. त्यांची एकुलती एक मुलगी इरा, वय वर्षं सोळा. तिच्या जन्माच्या वेळी बाळंतपणाला मीच गेले होते. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तिला मासे धरायचं वेड आहे.

हे वेड कुठून आलं ते कोणालाच कळलेलं नाही. नचिकेत म्हणतो, मालवणच्या आजीकडून. मी म्हणते, आमच्याकडे धरलेला मासा खातात. इरा जो बास नावाचा मासा धरते, हिरवट अंगाचा आणि भल्यामोठ्या तोंडाचा, तो ती तोलते, त्याच्याबरोबर फोटो काढते आणि पाण्यात परत सोडते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी त्यावरून वाद घालत होते. तिकडे शाळाशाळांच्या मासेमारीच्या टीम असतात, त्यांच्या स्पर्धा होतात, जर्सी असते. इराच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी तिघं जण होते. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिघांनी आपापल्या घरच्यांबरोबर एकाच तळ्यावर उतरायचं, जास्तीत जास्त पाच बास धरायचे आणि दुपारी बाराच्या आत धक्क्यावर आणायचे. ज्याच्या माशांचं वजन जास्त, त्याला जागा. मासा मेला तर तो वजनात धरायचा नाहीच, वर दंड म्हणून थोडं वजन कापायचं.

केतकीने आपली अट घातली होती. या वेळी निवड झाली नाही तर हे सगळं बंद, बोट विकायची आणि शनिवारी कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे क्लास. इराने ती मान्य केली होती आणि तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नव्हती. केतकीचं ऑफिसचं काम निघालं म्हणून तिच्या जागी मी निघाले. जाताना ती मला हळूच म्हणाली, "तिला टोपी घालायला लाव, आणि हरली तर तू काही बोलू नकोस."

वाटेत

तळ्याचं नाव सांगत नाही. मासेमारीवाले जागा सांगत नसतात हे मी तिकडे शिकले. प्लेनोहून पूर्वेला दोनेक तास. प्लेनोतली मोठी घरं आणि काचेची ऑफिसं संपली की माळरान, गाई, मधेच एखादं चर्च, आणि पुन्हा माळरान. हिरवा रंग नावालाच होता, सगळं करपलेलं. नचिकेतने मागे जुनी ॲल्युमिनियमची बोट जोडली होती आणि तिच्या वजनाने गाडी चढावर कुरकुरत होती.

पेट्रोल पंपाच्या दुकानात कोलाची नावाचा पाव घेतला. मऊ, गोडसर, आणि पोटात जर्दाळूचा मुरंबा नाहीतर सॉसेज. नचिकेतने जर्दाळूचा घेतला आणि तीनदा विचारून खात्री केली. मी सॉसेजचा घेतला, तो बरा होता, पण त्याला लसणीची चटणी हवी होती. माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा स्टीलचा डबा होताच. नचिकेतने दुकानातून केळ्यांचा एक घड उचलला, आणि त्यावरून गाडीत पहिलं भांडण झालं. बोटीवर केळी न्यायची नाहीत, मासे मिळत नाहीत, असा तिकडे समज आहे. मी म्हटलं, आमच्या समुद्राला नारळी पौर्णिमेला नारळ देतात, तुमच्या तळ्याला केळ्याचं एवढं वावडं का? इरा हसली नाही. केळी मुक्कामाच्या मोटेलमध्येच राहिली.

रात्रीच्या जेवणाला इराने मला पाण्याचं गणित सांगितलं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी एकसारखं नसतं. वरचं ऊन खाऊन तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खालचं गार आणि जड, ते खालीच. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मधे एक पट्टा असतो जिथे हाताच्या अंतरात पाणी एकदम गार होतं. ती हे इंग्रजीत सांगत होती आणि टेबलावर मिठाची आणि मिऱ्याची बाटली एकावर एक ठेवत होती. मी म्हटलं, म्हणजे बंबातलं पाणी. वर चटका बसतो आणि तळाशी गार, कारण कोणी ढवळलेलं नसतं. तिने बंब म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, तिने मान डोलावली.

"मग मासे खाली जाणार," नचिकेत म्हणाला. "नागपूरला मे महिन्यात कोणी गच्चीवर बसते का? सगळे कूलरपाशी."

"बाबा, नो. खाली ऑक्सिजन नाहीये," इरा म्हणाली. "दे कान्ट ब्रीद देअर."

नचिकेतला ते पटलं नाही. गारवा आहे आणि हवा नाही, असं कसं होईल, असं तो झोपेपर्यंत म्हणत राहिला. खरं सांगते, मलाही त्याचंच पटलं होतं.

पाण्यावर

उजाडताना बोट पाण्यात उतरवली. या तळ्यात धरण बांधलं तेव्हाचं जंगल तसंच बुडालेलं आहे. वठलेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर आलेले, आणि जे बाहेर आले नव्हते त्यांची भीती जास्त. नचिकेत जीव मुठीत धरून बोट हाकत होता. नियमाप्रमाणे बोट मोठ्या माणसाने चालवायची, पण गळ मुलांनीच टाकायचा. त्या हवेत ऊन यायच्या आधीच माझा ब्लाऊज पाठीला चिकटला. मी हात पाण्यात घातला तर ते आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट.

बोट चालवणाऱ्याच्या हातात बरंच असतं, हे मला तेव्हा कळलं. इरा एका बाजूला हात करत होती आणि नचिकेतने बोट नेली सरळ मधोमध, जुन्या नदीच्या पात्रावर, जिथे पाणी सगळ्यात खोल. नांगर टाकला. दोर सुटतच राहिला.

"इथे एकदा पाहून घेऊ ना बेटा," तो म्हणाला.

इराने पाहून घेतलं. शिशाचा गोळा लावलेला आमिषाचा रबरी किडा तळापर्यंत सोडला, वर घेतला, पुन्हा सोडला. तिच्यासमोर एक छोटा पडदा होता, पाण्याखालचं दाखवणारा. त्यावर मध्यावर एक पुसटशी आडवी रेघ होती, खडूने ओढून हाताने पुसल्यासारखी. इरा म्हणाली, तोच तो पट्टा, वीस फुटांच्या जरा खाली. रेघेच्या वर काही ठिपके हलत होते. रेघेच्या खाली काहीच नव्हतं. लांबवर दुसऱ्या मुलाची बोट काठालगत दिसत होती आणि तिथून मधेच ओरडल्याचा आवाज येत होता. त्यांना मासे मिळत होते.

ऊन चढलं. इराचा चेहरा लाल झाला, टोपी तिने काढून फेकली होती आणि मी काही बोलले नाही. मला केतकीची अट आठवत होती, आणि मनात आलं की ही पोर इथे आमच्या डोळ्यांसमोर हरते आहे आणि आम्ही दोघं मोठी माणसं तिला मदत म्हणून आलो आहोत. शेवटी तिने गळ खाली ठेवला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, प्लीज. नांगर काढा."

नचिकेतने नांगर ओढला. दोराचा शेवटचा भाग हातात आला तसा तो दचकला आणि मला म्हणाला, हात लावून पाहा. वरचा दोर कोमट आणि हा भाग माठातल्या पाण्यासारखा गार. मग नांगर वर आला. त्याला काळा चिखल लागला होता आणि त्याचा वास, काय सांगू, सडक्या अंड्यांचा. मी पदर नाकाला लावला. मालवणच्या बंदरावर वाढलेल्या मला कधी कुठल्या पाण्याची किळस आली नव्हती, ती तिथे आली. तळाशी गारवा होता, पण त्या वासात काही जगत असेल असं वाटेना.

नचिकेतने नांगर पाण्यात बुचकळून तो चिखल धुतला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तू सांगून राहिली होती अन् मी ऐकून नाही राहिलो. कुठे जायचं, सांग."

इराने बोट न्यायला लावली ती एका बुडालेल्या टेकडीवर. तिचा माथा बरोब्बर त्या रेघेच्या वर येतो, असं ती म्हणाली. वर फार ऊन, खाली श्वास नाही, तेव्हा मासे मधल्या पट्ट्याला चिकटून राहतात, आणि तिथे जर जमीन असेल तर तिच्यावर दाटीने बसतात. तिने किडा सोडला, दोर मोजून थांबवला आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी काठी वाकली.

पुढचा वेळ माझ्या डोळ्यांसमोरून भर्रकन गेला. पहिला मासा आला, मग दुसरा. इरा बोटीच्या टोकाशी, नचिकेत इंजिनापाशी बोट वाऱ्यावर सरकू नये म्हणून झटत, आणि मी मागे, टाकीपाशी. बोटीच्या मागच्या बाजूला झाकणाची एक टाकी असते, तीत धरलेले मासे पोहत ठेवतात. पंप तेच पाणी फिरवत राहतो. सकाळी इराने तीत बर्फाची एक गोठवलेली बाटली सोडलेली मी पाहिली होती. तिसरा मासा नुसता मासा नव्हता, तो टाकीत शिरताना त्याची शेपटी कडेला आपटली आणि मी भिजले. माझ्या हातात तो क्षणभर होता. अंग कसं घट्ट, चमकदार. मला माझ्या आईची आठवण आली, ती बाजारात मासा असा दाबून बघायची.

इराने मागे वळून न पाहता मला सांगितलं, "आजी, मासे ताजे ठेव हं. प्लीज."

तीन महिने मी या मुलीचं मराठी दुरुस्त करत होते. 'मी गेली' म्हटलं की 'गेले' म्हण, पुस्तक 'घेऊन ये' म्हण, 'आणून ये' नको. त्या दिवशी मात्र तिचा शब्द मला अगदी बरोबर वाटला. मालवणच्या बाईला मासा ताजा ठेव म्हटल्यावर ती काय करणार? खाण्यापिण्याच्या पेटीत बर्फाची अख्खी पिशवी होती. मी ती फोडली आणि टाकीत ओतली. वर झाकण लावलं. काम चोख झालं म्हणून स्वतःवर खूश होऊन मी दोन पुऱ्या खाल्ल्या.

चौथा आणि पाचवा मासा लागोपाठ आले. चौथा मीच झाकण जरासं उचलून आत सोडला. पाचवा आणून इराने झाकण उघडलं, तो तिच्या हातातून आत निसटला आणि ती जागच्या जागी थिजली. टाकीत बर्फाचे खडे तरंगत होते. एक लहान मासा पोट वर करून पडला होता. तो मोठा, भिजवणारा, एका कुशीवर कलंडला होता आणि त्याचे कल्ले इतके हळू हलत होते की मला ते हलताना दिसेनात.

"आजी, व्हॉट डिड यू डू?"

"तूच म्हणालीस ताजे ठेव."

"आय मेंट अलाइव्ह!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तिला म्हणायचं होतं, जिवंत. तो शब्द तिच्याकडे नव्हता. आणि माझ्याकडे ताज्याचा दुसरा अर्थ नव्हता.

मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. त्या तळ्यात उडी मारावीशी वाटली. केतकी तिचं वेड बंद करायला निघाली होती आणि ते मी माझ्या हातांनी, पुऱ्या खात खात केलं होतं. बाराला फार वेळ उरला नव्हता, आणि धक्का झाडांच्या पलीकडे, जिथून बोट जपूनच न्यावी लागते. इरा हुंदके देत ओंजळीने बर्फ बाहेर टाकत होती. मग तिने पंपाचा खटका तळ्याच्या पाण्याकडे वळवायला हात नेला. ते बाहेरचं तापलेलं पाणी एकदम आत.

मी तिचा हात धरला. "थांब. एकदम नको."

हे मला कुठून सुचलं ते तेव्हा कळलं नाही, पण हाताला ते आधीच माहीत होतं. तापलेल्या पाण्यात गार पाणी घालून ते आंघोळीजोगं करतात, त्या पाण्याला आपण विसण म्हणतो. ते बाळासाठी घालायचं तर हळूहळू घालायचं, मधे मधे ढवळायचं आणि कोपर बुडवून बघायचं. इथे उलटं होतं, गारात गरम घालायचं, पण काम तेच. मी डब्यातल्या पुऱ्या बोटीच्या फळीवर उपड्या केल्या, डबा तळ्यात बुडवला आणि टाकीच्या कडेने थोडंसं पाणी सोडलं. ढवळलं. कोपर घातलं. पुन्हा थोडं.

"व्हॉट आर यू डुइंग?" इराने विचारलं.

"विसण घालते आहे. तू त्या मोठ्याला सरळ धर, उलटा होऊ देऊ नकोस."

तिने दोन्ही हात टाकीत घालून तो मासा पोटाखालून उचलून सरळ धरला आणि हळूहळू पुढे-मागे हलवू लागली, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. नचिकेतने काही न विचारता बोट धक्क्याकडे वळवली. ज्या माणसाने जन्मात मासा शिवला नव्हता तो एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने तो मेलेला लहान मासा धरून बसला होता, तो वाया जाऊ नये म्हणून की आम्ही बघू नये म्हणून, ते मला अजून माहीत नाही. झाडं दोन्ही बाजूंनी जवळून जात होती. एकदा बोटीच्या तळाला काहीतरी घासलं आणि नचिकेतने वेग आणखी कमी केला. मी डबा बुडवत होते, ओतत होते, कोपर बुडवत होते. माझे हात थरथरत होते आणि निम्मं पाणी बाहेर सांडत होतं.

"तुला अशीच आंघोळ घालायची मी," मी इराला म्हटलं. "याच प्लेनोत. तू एवढीशी होतीस, आणि रडायचीस."

डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने नाक खांद्याला पुसलं. कोपराला गारवा लागेना झाला तेव्हा मी थांबले. तळ्यापेक्षा जरा थंड, एवढंच. बाकीचे तीन मासे हलायला लागले होते. मोठा अजून तिच्या हातांवरच होता.

धक्का दिसायला लागला तेव्हा त्याने एकदा शेपटी मारली. फार जोरात नाही. मग दुसऱ्यांदा मारली आणि इराच्या हातांतून निसटून टाकीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मी मटकन खाली बसले, नेमकी पुऱ्यांवर.

धक्क्यावर

टीमची कोच म्हणजे उन्हाने मान भाजलेली एक धिप्पाड बाई. तिने तिघांचे मासे एकेक करून तोलले. त्या दोन मुलांकडे पाच-पाच मासे होते, सगळे काठालगतच्या उथळ पाण्यातले आणि लहान चणीचे. इराचे चार. पाचवा, तो मेलेला, नचिकेतने पुढे केला. कोचने त्याला बोट लावलं आणि भुवया वर केल्या. तो फ्रिजमधून काढल्यासारखा गार होता. बर्फ कोणी घातला, असं तिने विचारलं.

मी हात वर केला. इंग्रजीत काय म्हणायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात इरा पुढे आली.

"इट्स ऑन मी," ती म्हणाली. "आय गेव्ह हर द राँग वर्ड."

मी इतकी वर्षं मुलांच्या चुका लाल पेनाने काढल्या, पण माझी चूक कोणी अशी स्वतःच्या नावावर घेतली नव्हती. मला रडू आलं. गॉगल होता म्हणून निभावलं.

कोचने आकडे मांडले, दंडाचं वजन कापलं आणि कागद इराकडे फिरवला. त्या चार माशांचं वजन दंड कापूनही इतरांच्या पाचांपेक्षा जास्त भरत होतं. थोडंसंच, पण भरत होतं. त्यातला बराचसा भाग त्या एकट्या मोठ्याचा होता. कोचने एवढंच विचारलं की हे मासे किती खोल मिळाले. इराने रेघेबद्दल सांगितलं आणि नचिकेतने मधेच तोंड घालून नांगराच्या वासाचं वर्णन केलं, जणू ते त्यानेच शोधून काढलं होतं. पुढच्या वेळी बर्फ बाटलीतच राहू दे, असं म्हणून कोचने इराच्या हातात जर्सी ठेवली.

मासे सोडायला मी इराबरोबर पाण्यापर्यंत गेले. मोठा तिच्या हातातून सुटला आणि तिरका खाली गेला. आपल्या थरात जाऊन थांबेल, ती म्हणाली. फार खाली नाही जायचा.

मेलेला मासा मात्र मी कोणाला टाकू दिला नाही. तो पेटीत उरलेल्या बर्फावर निजवला आणि नचिकेतला सांगितलं, आज रात्री तुझ्या स्वयंपाकघरात तिरफळं घालून याची आमटी होणार, तू बाहेर जेव. तो हो म्हणाला. त्या दिवशी तो कशालाही हो म्हणाला असता.

गाडीत बसल्याबरोबर केतकीचा फोन आला. इराने स्पीकर लावला आणि जर्सी मिळाल्याचं सांगितलं. मग केतकी म्हणाली की ठीक आहे, बोट राहू दे, आणि तिचाही आवाज जरा वेगळा झाला होता. नंतर तिने विचारलं, एवढ्या उन्हात पाचही मासे नीट आले का.

इराने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वळून, एकेक शब्द जपून ठेवत, शुद्ध मराठीत म्हणाली, "चार जिवंत, आई. एक ताजा."